जयपूर करणारे गृहस्थ

मराठीतील 'करणे' हे क्रियापद मुळातच कष्टाळू आहे. ते स्वयंपाक करते, नोकरी करते, संसार करते आणि एके काळी काशीही करीत असे. 'आत्याबाईंनी काशी केली', 'मामांनी चारधाम केले' या वाक्यांत स्थळ हे पाहण्याचे नसून पार पाडण्याचे असते, असा जो अर्थ होता, तो तीर्थयात्रेबरोबर मागे राहिला नाही. आगगाडी, रजेचे नियम आणि शाळेच्या सुट्ट्या यांच्या खांद्यावर बसून तो पर्यटनात सुखरूप उतरला. त्यामुळेच डोंबिवलीच्या किंवा चिंचवडच्या एखाद्या सुशिक्षित घरात 'गेल्या वर्षी आम्ही राजस्थान केलं' असे म्हटले असता कोणाला काही खटकत नाही, आणि ऐकणाराही 'कसं वाटलं?' असे न विचारता 'किती दिवसांत केलंत?' एवढेच विचारतो. हे क्रियापद ज्या गृहस्थाच्या जिवावर अद्याप टिकून आहे, त्याला सोयीसाठी 'सहलप्रमुख' म्हणता येईल. सहलप्रमुख म्हणजे कौटुंबिक सहलीत तिकिटे, पैसा, वेळ आणि इतरांचा उत्साह या चारही गोष्टी स्वतःच्या ताब्यात ठेवणारा, पन्नाशीच्या आसपासचा, पोटाशी बांधलेल्या चेनच्या पाकिटावर एक हात कायम ठेवून चालणारा पुरुष. अलीकडे तो न्यू जर्सीतील मुलाकडे जातो आणि तेथून न्यूयॉर्कही दीड दिवसात करून येतो. परंतु तेथे मुलगा गाडी चालवतो, सून तिकिटे काढते आणि प्रमुखाचा केवळ प्रवासी होऊन जातो. त्याचे खरे रूप पाहायचे असल्यास ते नाताळच्या सुट्टीत जयपुरात पाहावे.

या गृहस्थाच्या घडणीत एलटीसीचा, म्हणजे रजा प्रवास सवलतीचा, वाटा मोठा आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला चार वर्षांच्या एका गटात एकदा भारतात कोठेही सहकुटुंब जाण्याचे भाडे मिळते, आणि गट संपत आला की ज्याला प्रवासाची मुळीच आवड नाही असा मनुष्यही 'सवलत वाया जाईल' या भयाने नकाशा उघडतो. तिकिटाचा प्रत्येक कपटा जपून ठेवण्याची सवय या सवलतीतूनच लागते. नोकरी संपली, दावे संपले, तरी आमेरच्या किल्ल्याचे तिकीट आणि जोहरी बाजारातील कचोरीचे बिल एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत पुढील दहा वर्षे सुखाने नांदत असतात.

प्रवासाचा आरंभ मुंबई सेंट्रलच्या फलाटावर 'नग' मोजण्यापासून होतो. नग म्हणजे सामानाचा एक डाग, ज्यात सुटकेसपासून पाण्याच्या कॅनपर्यंत सर्व काही येते. सहलप्रमुखाच्या वहीत 'माणसे ७, नग ११' अशी नोंद असते आणि प्रत्येक स्थानकावर, प्रत्येक हॉटेलच्या दारात, प्रत्येक गाडीच्या टपाखाली ही बेरीज पुन्हा केली जाते. नगांची बेरीज चुकली तर तो अस्वस्थ होतो. माणसांची चुकली तर 'बाथरूमला गेली असेल' असे तो शांतपणे म्हणतो. अकरापैकी तीन नग केवळ खाण्याचे असतात: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, आणि जयपुरात काय मिळेल याचा भरवसा नसल्यामुळे मेतकूट व तांदूळ. मराठी पर्यटन कंपन्या परप्रांतात स्वतःचे आचारी नेतात, ही प्रथा ज्याला विनोदी वाटते त्याने एकदा तिसऱ्या दिवशीच्या रात्री, दोन वेळा डाळ-बाटी आणि एकदा चुरमा खाल्लेल्या मराठी कुटुंबाच्या चेहऱ्यांकडे पाहावे. वरण-भात या शब्दाचा उच्चार तेथे इतक्या हळू आवाजात होतो की जणू दूरच्या आप्ताची आठवण निघाली आहे.

जयपुरात पाऊल ठेवताच शहराचे 'पॉइंट' होतात. पॉइंट म्हणजे यादीवर खूण करता येईल असे कोणतेही स्थळ. त्यात राजवाडा, देऊळ, बाग आणि चालकाच्या मेहुण्याचे साड्यांचे दुकान यांत भेद केला जात नाही. राजस्थानच्या पुरातत्त्व विभागाचे दोन दिवस चालणारे एकत्रित तिकीट ही तर सहलप्रमुखासाठी साक्षात पर्वणी असते. त्या एका तिकिटात आमेर, नाहरगड, हवामहाल, जंतरमंतर आणि अल्बर्ट हॉल यांच्याबरोबर सिसोदिया राणीची बाग आणि विद्याधरची बाग यादेखील येतात, आणि 'पैसे भरलेले आहेत' या एकाच कारणासाठी भर दुपारी सात माणसे एका बागेतून दुसऱ्या बागेत नेली जातात. सिटी पॅलेस या तिकिटात येत नाही, ही गोष्ट त्याच्या मनाला लागते. आत गेल्यावर मात्र माधोसिंह दुसरे यांनी १९०२ साली एडवर्ड सातवे यांच्या राज्याभिषेकाला जाताना गंगाजल नेण्यासाठी वापरलेले, प्रत्येकी ३४५ किलो वजनाचे चांदीचे कलश पाहून तो पहिल्यांदा स्तब्ध होतो. मात्र ते कौतुकाने नव्हे, तर आजच्या भावाने गुणाकार करण्यासाठी. अठराशे सत्तावन्नच्या धामधुमीतून आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन परतलेल्या विष्णुभट गोडसे यांचे वंशज म्हणवणाऱ्या समाजाने हा हिशेब करावा, हे तसे योग्यच आहे.

हवामहालाचे प्रकरण थोडक्यात आटोपते. १७९९ साली सवाई प्रतापसिंहांसाठी लालचंद उस्ताद यांनी बांधलेल्या या इमारतीला ९५३ झरोके असून तिचे जगप्रसिद्ध दर्शन रस्त्यावरून होते, प्रवेश मात्र मागच्या बाजूने आहे. सहलप्रमुख समोरच्या फुटपाथवरून फोटो काढतो आणि 'पुढून पाहिला म्हणजे झाला' असा निर्णय देतो. मानसागर तलावातील जलमहालात तर आत जाताच येत नाही, त्यामुळे तो रस्त्यावरून पाहिला तरी पूर्ण गुण मिळतात.

आमेरला मात्र गाडी अडते. याचे कारण मराठी शाळेतील चौथीच्या इतिहासात दडलेले आहे. आमेरचा राजवाडा मानसिंहांनी १५९२ मध्ये उभारायला घेतला आणि त्याचा मोठा भाग मिर्झाराजे जयसिंह यांनी वाढवला. हे तेच मिर्झाराजे, ज्यांच्याशी जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला आणि ज्यांच्या हवाली शिवाजी महाराजांना २३ किल्ले करावे लागले. मार्गदर्शक शीशमहालात मेणबत्ती लावून छतावरच्या हजारो काचांतून तारे दाखवीत असतो, बाया-मुले 'आई गं' म्हणत असतात, आणि सहलप्रमुख मान वर करून त्याच मिर्झाराजाच्या त्याच महालाकडे पाहत असताना त्याच्या आत एक जुने भांडण चालू असते. सुंदर तर आहे, पण कौतुक करायचे कसे? शेवटी तो बोटांवर मोजू लागतो: पुरंदर, कोंढाणा, कर्नाळा, लोहगड, तुंग, तिकोना, माहुली, सागरगड… पंधराच्या पुढे गाडी सरकत नाही, मुलगा सेल्फीसाठी ओढतो, आणि प्रश्न अनिर्णित राहतो. बाहेर आल्यावर 'याला किल्ला नाही म्हणायचं, हा राजवाडा. किल्ला म्हणजे राजगड' असे वाक्य त्याच्या तोंडून निघते, ते मार्गदर्शकाला समजत नाही, आणि समजले असते तरी त्याने मान डोलावलीच असती. दर आठवड्याला दहा मराठी कुटुंबे त्याला हे सांगत असावीत.

एक गोष्ट मात्र मार्गदर्शकही सांगत नाही आणि सहलप्रमुखही काढत नाही. मराठ्यांच्या खंडणीच्या तगाद्याला कंटाळून जयपूरचे राजे ईश्वरीसिंह यांनी डिसेंबर १७५० मध्ये प्राण दिला, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी १७५१ मध्ये, नवे शहर व देवळे पाहायला मोठ्या संख्येने आत शिरलेल्या मराठ्यांवर जयपूरकर तुटून पडले. मराठी माणसाच्या जयपूरदर्शनाची ही जुनी हकीकत दोन्ही बाजूंनी इतक्या सौजन्याने गिळली आहे, की त्याच ईश्वरीसिंहांच्या ईसरलाट या विजयस्तंभावरही सहलप्रमुख केवळ 'तिकिटात आहे' म्हणून चढतो आणि दम लागला म्हणून उतरतो.

येथवर वाचकाचा असा समज होईल की या गृहस्थाला काहीच दिसत नाही. तो समज जंतरमंतरच्या फाटकापाशी सोडून द्यावा लागतो.

जयपूर हे नोव्हेंबर १७२७ मध्ये सवाई जयसिंह दुसरे यांनी वसवलेले शहर; त्याची सरळ रेषांची, चौकोनी पेठांची आखणी विद्याधर भट्टाचार्य या बंगाली विद्वानाने गणिताने केली, आणि वसवणारा राजा स्वतः आकाशाचा हिशेब ठेवणारा होता. त्याच्या पदरी युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणणारे, महाराष्ट्रीय म्हणून ओळखले जाणारे जगन्नाथ सम्राट होते. हे सहलप्रमुखाला कोणी सांगत नाही हे बरेच आहे, अन्यथा 'आपला माणूस' तेथल्या पाटीवर का नाही, याची चौकशी खिडकीवर झाली असती. पण न सांगताही, वेळापत्रक करणारा मनुष्य वेळापत्रक करणाऱ्याला ओळखतो.

जंतरमंतर म्हणजे दगड-चुन्याची उपकरणे असलेली वेधशाळा. तिच्यातील सम्राट यंत्र हे सुमारे २७ मीटर उंचीचे सूर्यघड्याळ असून, त्याच्या तिरक्या भिंतीचा कोन जयपूरच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे २७ अंश आहे. भिंतीची सावली दोन्ही बाजूंच्या वक्र पट्ट्यांवर मिनिटाला साधारण सहा सेंटिमीटर, म्हणजे तीन-चार बोटे सरकते आणि दोन सेकंदांपर्यंत वेळ सांगते, असे म्हणतात. सहलप्रमुख मनगटावरचे घड्याळ पाहतो, सावली पाहतो आणि म्हणतो, 'बंद पडलंय.' मार्गदर्शक समजावतो, की भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर ठरते, जयपूर त्याच्या पश्चिमेला आहे, सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटे लागतात, म्हणून येथील सावली मागे असते. एरवी मार्गदर्शकाचे बोलणे 'हो, हो' करीत पुढे ढकलणारा हा गृहस्थ येथे वही काढतो. ब्याऐंशी पूर्णांक पाच वजा पंचाहत्तर पूर्णांक आठ; गुणिले चार; उत्तर सत्तावीसला किंचित कमी. मीटर सत्तावीस, अंश सत्तावीस, मिनिटे सत्तावीस! तो घड्याळ पुन्हा पाहतो, सावलीच्या कडेला बोट लावतो, आणि बोट लावलेली सावली बोटाखालून सरकून जाते.

इकडे कुटुंब राशिवलय यंत्रांकडे गेलेले असते. ही बारा राशींची बारा स्वतंत्र यंत्रे असून, आपापल्या राशीपुढे उभे राहून फोटो काढणे हा तेथील सर्वांत लोकप्रिय शास्त्रीय प्रयोग होय. 'अहो, चला, तुमची वृश्चिक इकडे आहे,' अशी हाक येते आणि वाया जाते; कारण मार्गदर्शकाने नुकतेच त्याला सांगितलेले असते, की हे सत्तावीसही बारमाही खरे नव्हेत. पृथ्वीची कक्षा अगदी वर्तुळाकार नाही आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे सूर्य वर्षभर एकाच चालीने चालत नाही. नाताळच्या सुमारास हा फरक जवळजवळ शून्य असतो, म्हणून उत्तर जुळले, परंतु नोव्हेंबरच्या आरंभी सूर्य घड्याळाच्या सोळा मिनिटे पुढे असतो आणि तेव्हा हीच तफावत अवघी अकरा मिनिटे उरते. सहलप्रमुख वहीत लिहितो: 'दिवाळीत ११?' पुढच्या पॉइंटची वेळ टळून गेलेली असते, आणि त्याच्या सहलींच्या इतिहासात प्रथमच ते त्याच्या नव्हे, तर इतरांच्या लक्षात येते.

तो दिवस अर्थातच सौभाग्यवतींच्या हाती जातो. बापू बाजारात मोजड्या, मनिहारोंच्या रस्त्यावर लाखेच्या बांगड्या, नणंदेला, जावेला आणि भिशीतल्या चौघींना बांधणीच्या ओढण्या, अशी जी यादी मुंबईपासून गुप्त ठेवलेली असते, ती आता उघड होते. सहलप्रमुख शेवटच्या दुकानात भानावर येतो आणि 'भैया, बराबर लगाव, हम लोग फिर आने वाला है' या खास मराठी हिंदीत घासाघीस करून जयपुरी रजई घेतो. ही रजई इतकी हलकी असते की दुकानदार ती मुठीत धरून दाखवतो, आणि आगगाडीत मात्र ती बाराव्या नगाचे रूप घेऊन सर्वांच्या पायांत येते. डोंबिवलीत, जेथे जानेवारीतही पंखा बंद करण्याबद्दल घरात एकमत होत नाही, तेथे तिचे भवितव्य ठरलेले असते: दोन वर्षे माळ्यावर, मग कोणाच्या तरी लग्नात आहेर.

परतीच्या गाडीत वही उघडली जाते. आमेर: झाला. हवामहाल: झाला, पुढून. जलमहाल: झाला, रस्त्यावरून. नाहरगड: झाला, खालून. जंतरमंतरपुढे मात्र खूण नसते. पुढील दिवाळीत घरात केरळचे बेत चालू असताना 'जयपूरला परत जाऊ या का?' असा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर व्हायचे तेच होते: 'अहो, जयपूर झालंय आपलं.' सवलतीचा गटही संपलेला असतो. मग एका रविवारी गॅलरीत, कठड्याच्या गजाची सावली सर्वांत आखूड पडते त्या क्षणी, फरशीवर पेन्सिलीने एक रेघ ओढली जाते, घड्याळ पाहिले जाते, आणि डोंबिवलीचा रेखांश शोधला जातो. तेथे सोळा मिनिटांची तूट धरण्यापूर्वी अडतीस मिनिटे येतात. सोमवारी सकाळी लादी पुसायला आलेल्या बाईंना बजावले जाते, की बाकी सगळं पुसा, तेवढी रेघ राहू द्या.