भाऊजींचा पाचवा गिअर

अहो, ऐकलंत का? म्हणजे कानावर आलंच असेल म्हणा, आपल्या बिल्डिंगीत काय लपून राहतंय! पण तुम्ही ऐकलं असेल ते वहिनींकडून, आणि त्या नवऱ्याची बाजू सावरूनच सांगणार. मी स्वतः गाडीत होते. मागच्या सीटवर, अगदी मधोमध. दोन सीटांच्या फटीतून मीटर दिसेल अशी जागा धरून.

भाऊजींचं ते भांडण तुम्हाला ठाऊक आहेच. गणपतीपासून चाललंय. डॉक्टरीणबाईंच्या सुनेनं ऑटोमॅटिक घेतली आणि भाऊजींच्या पोटात दुखायला लागलं. गाडी तीच हो, कंपनी तीच, इंजिन तेच, रंगसुद्धा तोच पांढरा. भाऊजींची गिअरवाली आणि हिची बिनक्लचची, एवढाच काय तो फरक. शिवाय हिनं पन्नासेक हजार जास्त मोजलेले, ते तर भाऊजींना फारच लागलं. जणू ह्यांच्याच खिशातून गेले! जिन्यात भेटली की सुरू, "हायवेला नुसतं बोंबलतं तुझं इंजिन. आरपीएम बघत जा, आरपीएम! पेट्रोल पिणारी बया आणून ठेवलीस दारात." सगळ्यांसमोर हो. ती बिचारी "हो काका" म्हणायची आणि लिफ्टचं बटण दाबायची.

एकदा मात्र नाही राहवलं तिला. म्हणाली, "काका, दोन्ही गाड्या एकदम काढू या का एक्स्प्रेसवेला?" भाऊजी आधी गप्प. पण वॉचमन ऐकत होता, त्यामुळे माघार कशी घेणार…

तर काय सांगत होते, रविवारी सकाळी निघालो. कळंबोलीहून आत शिरायचं आणि खालापूरपर्यंत जायचं, कारण घाट लागला की हिशेब बिघडतो. स्पीड ठरवला नव्वदचा. शंभराची मर्यादा आहे, आणि २०२४पासून ते कॅमेरे बसलेत ना जागोजागी. भाऊजींना आधीच चलानं आलेली आहेत. हे वहिनी तुम्हाला नाही सांगणार. भाऊजींच्या शेजारी त्यांचा जावई मोबाइल घेऊन, हिच्या शेजारी तिचा नवरा. दोघांनी मीटरचं शूटिंग करायचं आणि फूड मॉलला बसून बघायचं, असं ठरलेलं.

भाताणचा बोगदा गेला, गाडी नव्वदला टेकली. मी हिच्या गाडीत, फटीतून बघतेय. आरपीएमचा काटा तीन हजाराच्या चांगला खाली, सत्तावीसशेच्या आसपास. बाजूला पाचचा आकडा, म्हणजे पाचवा गिअर. आवाज म्हणाल तर एसीचाच काय तो. मडपचा बोगदा आला तरी तेच. मध्ये एका ट्रकला मागे टाकायचं होतं, तिनं पाय दाबला, गाडीनं आपोआप चौथा घेतला आणि काटा टुणकन वर. ट्रक मागे पडला, परत पाचवा, परत काटा खाली. लोक तेवढाच आवाज लक्षात ठेवतात बघा. गिअरवाल्या गाडीतही ट्रक झटकन मागे टाकायचा तर चौथा घालावाच लागतो की. पण तो आपल्या हातानं घातलेला, त्यामुळे कानाला टोचत नाही!

आता फूड मॉलची गंमत ऐका. वडापाव आले, चहा आला. आधी हिचा व्हिडिओ. भाऊजी मान हलवत म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे. आता माझा बघा." जावयानं मोबाइल पुढे केला मात्र… तेहतीसशे! स्पीड तोच, नव्वद. भाऊजींचा चेहरा असा उतरला म्हणता! वडापाव हातातच राहिला. म्हणे, "मीटर बिघडलंय." मग म्हणे, "चढ होता." दोघींना रस्ता एकच होता हो, चढ काय ह्यांच्याच गाडीला लागला?

वहिनी म्हणाल्या, "तरी मी सांगत होते, गाडी घरघरतेय." ते वाक्य त्यांनी नंतर माझ्यापाशी दोनदा परत घेतलं, पण मी ऐकलंय.

जावई गालातल्या गालात हसत होता. मेला आधीपासून ओळखून होता. हळूच म्हणाला, "बाबा, तुम्ही पाचवा टाकलाच नाहीत. भाताणपासून चौथ्यातच होतो आपण."

अहो, खरंच! भाऊजींनी वर्षानुवर्षं चालवली कुठली गाडी, तर मारुती ८००. ती आली १९८३ साली, तिला चारच गिअर. पाचवा पुष्कळ नंतर आला, ह्यांच्या गाडीला नव्हताच. हाताला सवय ती, चौथा पडला की झालं, हात मांडीवर.

मग जावयानं समजावून सांगितलं. हा मुलगा एरवी सासऱ्यापुढे तोंड उघडत नाही, त्या दिवशी मात्र थांबेना. म्हणाला, हिच्या गाडीत गिअरबॉक्स तुमचाच आहे, दातेसुद्धा तेच. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला एक छोटं यंत्र बसवलंय. त्याला एएमटी म्हणतात. २०१४च्या फेब्रुवारीत सेलेरिओबरोबर ते आपल्याकडे आलं. आणि बघा योगायोग, जानेवारीतच ८०० बनवायची थांबली होती! म्हणजे पाचव्यात नव्वदला दोघींचा काटा एकाच ठिकाणी असणार. नसायला कारणच नाही.

"आणि तुझी?" असं भाऊजींनीच विचारलं, कुठून सुचलं कोण जाणे. जावयाची सीव्हीटी आहे ना. तो म्हणाला, "माझी नव्वदला दोन हजाराच्याही खाली असते." पुन्हा शांतता! त्या गाडीत ठरावीक गिअरच नसतात म्हणे. गिरणीत असतो तसा पट्टा, दोन चाकांवरून फिरणारा, आणि ती चाकं लहानमोठी होतात. शांत चालवलं तर इंजिन झोपल्यासारखं. पण घाईनं पाय दाबला की काटा आधी चार-पाच हजारांवर जाऊन बसतो आणि गाडी मागाहून वेग घेते. तेवढा वेळ कान किटतात, हे त्यानं स्वतःच कबूल केलं. मुलगा खरा आहे हो.

तिथून परतायचं की नाही? पण वहिनींना चिक्की हवी होती, म्हणून लोणावळ्याला गेलो. आणि उतरताना बोरघाटात आणखी एक नाटक. हिनं दांडा एमवर घेतला आणि हातानं तिसरा टाकला. ॲक्सिलरेटरवर पाय नाही, तरी काटा वर वर. येताना वहिनी आमच्या गाडीत बसल्या होत्या, त्या ओरडल्याच, "अगं, पेट्रोल जळतंय!" ती म्हणाली, "एक थेंबही नाही, काकू." गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की पेट्रोल बंदच होतं म्हणे. उतारावर चाकंच इंजिनाला फिरवतात, इंजिन चाकांना अडवतं आणि ब्रेक तापत नाहीत. पुढे ॲव्हरेज दाखवतात ना, तो आकडा पार टोकाला जाऊन चिकटला होता, मी बघितलाय.

आणि भाऊजी? पेट्रोल वाचवायला घाटभर न्यूट्रलवर! जुन्या कार्बोरेटरच्या गाडीचं शहाणपण. इंजिन बंद पडू नये म्हणून न्यूट्रलला उलट थोडं पेट्रोल लागतंच, आणि सगळा भार ब्रेकवर. त्या घाटात ब्रेक निकामी झालेले ट्रक आपण कमी वाचलेत का पेपरात? जावई पुढच्या सीटवर हँडल घट्ट धरून बसला होता. खोपोली दिसेपर्यंत एक शब्द नाही. खाली उतरल्यावर चाकाजवळ असा करपट वास येत होता की मी पदर नाकाला लावला.

व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर कुणी टाकला, ते विचारू नका. माझ्याकडे बघू नका, माझ्याकडे व्हिडिओ नव्हताच!

पण खरी बातमी पुढेच आहे. वहिनींनी काल गुपचूप ऑटोमॅटिकची टेस्ट ड्राइव्ह मागवली. गाडी थेट गेटावर आली. वहिनी पुढे स्टिअरिंगवर, शेजारी शोरूमचा पोरगा, आणि भाऊजी मागे, मुकाट्यानं. पळस्पे फाट्यापर्यंत जाऊन आले. तो पोरगा परतल्यावर वॉचमनला सांगत होता, "काका छान आहेत हो, पण दर दोन मिनिटांनी एकच विचारतात, पाचवा पडला का गं?"