बाहुलीचं बाळंतपण

'जालना, सोने का पालना' असं आपल्याकडे अजून ऐटीत म्हणतात. पाळणा हलण्याआधी लेबर रूममध्ये काय काय हलतं, ते २०२५च्या जूनमध्ये याच जिल्ह्यातल्या भोकरदनच्या बातमीने कळलं. डिलिव्हरीला आलेल्या बाईच्या पोटाला जेलीऐवजी सफाईचं ॲसिड लावलं गेलं. औषधाच्या ट्रेमध्येच ठेवलेलं होतं म्हणे. पोट भाजलं, बाळ सुखरूप आलं, ही बाळाची मेहेरबानी. मग चौकशी बसली. आपल्याकडे चौकशी एकदा बसली की सहसा उठत नाही.

सरकारी नियमाने लेबर रूममध्ये सात ट्रे मांडायचे असतात. आठव्याची सोय आपण केली.

प्रशिक्षण होत नाही असं कुणी म्हणू नये. सरकारी उपक्रम आहेत: २०१५ला 'दक्षता' आली, २०१७च्या डिसेंबरात 'लक्ष्य'. सरावासाठी बाहुलीही निघाली आहे: प्रशिक्षकाने ती पोटाला बांधायची, आतून बाळ काढायचं, मग नळी सोडली की खोटं रक्त वाहू लागतं. फार हुशार वस्तू. पण आपल्या हाती कुठलीही वस्तू आली की आधी बॅनर, मग बुके, दीपप्रज्वलन, ग्रुप फोटो, जेवणात जिलेबी. चार वाजता प्रमाणपत्रं वाटून बाहुली कपाटात. तिची नोंद कुठे? डेडस्टॉक रजिस्टरला! आणि शिकलेल्या सिस्टरची बदली होतेच.

फ्रान्सच्या राजाने १७५९मध्ये मादाम द्यु कुद्रे या सुईणीला फर्मान दिलं. कापड-चामड्याची बाहुली घेऊन ती पंचवीसेक वर्षं गावोगाव फिरली, सुइणींना शिकवत. आपण उलटं करतो. मंठ्याच्या, घनसावंगीच्या सिस्टरला जिल्ह्याला बोलावतो, आणि त्या दिवशी तिच्या लेबर रूममध्ये कोण, हे विचारत नाही.

खरा सराव करायचाय? मग रात्री दोनला, न सांगता, तिच्याच दवाखान्यात करा. 'पेशंटला झटके आलेत' एवढंच म्हणायचं आणि घड्याळ लावायचं. झटक्यांवरच्या मॅगसल्फचा पहिला डोस दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम. एका ॲम्प्युलमध्ये एक ग्रॅम. म्हणजे एकटीने, थरथरत्या हाताने, दहा ॲम्प्युल फोडायच्या. त्या कुठल्या खणात आहेत? दहा आहेत का? ऑक्सिटोसिनच्या फ्रिजची किल्ली कुणाच्या खिशात? १०८ला फोन कोण लावणार, दहा ॲम्प्युल फोडणारीच? प्रमाणपत्र देऊ नका. किल्ली, बल्ब, औषध, माणूस यांतलं जे जे सापडलं नाही त्याची यादी भिंतीला चिकटवा आणि महिन्याने परत या.

यंत्रांचं टेंडर काढायला ज्यांचे हात शिवशिवतात त्यांच्यासाठी: चार आफ्रिकी देशांतल्या रुग्णालयांत बाळंतिणीखाली खुणा केलेली प्लास्टिकची साधी पिशवी लावून रक्त मोजलं, आणि खूप वाटताच ठरलेले उपाय एकदम सुरू केले. गंभीर रक्तस्राव आणि त्यापायी होणारी शस्त्रक्रिया वा मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी घटलं. २०२३ची गोष्ट. त्यात कमिशन बसवायला जागा फारशी नाही, हे मान्य.

साहेबांना आमंत्रण आहेच. फक्त रात्री दोनला यावं, हार-बुके घरी ठेवून. आणि पेशंटचं सोंग घ्यायला सिस्टरांकडे माणूस कमी आहे, तेव्हा बाहुली त्यांनीच पोटाला बांधावी.