फुजीपुढची चांदणी

जपानच्या सहलीचं पत्रक कोणतंही घ्या आणि ‘दिवस चौथा’ वाचा. सकाळी हॉटेलात भरपेट नाश्ता. नऊ वाजता वातानुकूलित बसने फुजी पर्वताच्या दर्शनासाठी प्रस्थान. दुपारी भारतीय जेवण. मग आउटलेट मॉलमध्ये खरेदी. रात्री पुन्हा भारतीय जेवण. या सगळ्या मजकुरात एकाच शब्दाच्या डोक्यावर एक बारीक चांदणी काढलेली असते. नाश्त्याला ती नाही, मॉलला नाही, पनीरला तर नाहीच नाही. ती फुजीला आहे. पानाच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरात, तिचा खुलासा: ‘पर्वत दिसणे हवामानावर अवलंबून. न दिसल्यास परतावा मिळणार नाही.’

हे म्हणजे लग्नपत्रिकेत कार्यालय पक्कं, मुहूर्त पक्का, जिलेबी-मठ्ठा पक्का आणि ‘चि.’वर चांदणी: वर उपलब्धतेनुसार!

फुजी 3776 मीटर उंच आहे. जपानात त्याच्याहून उंच काही नाही. आजूबाजूला गर्दी करणारी शिखरंही नाहीत, एकटा उभा आहे. 2013पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, म्हणजे पत्ताही सगळ्यांना ठाऊक. टोकियोपासून अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. असा हा ऐवज जागेवर सापडेल याची हमी कोणी देत नाही. आणि त्याच्याच पायथ्याशी, कावागुची सरोवराच्या काठावर, ठरल्या वेळेला पालक पनीर, जिरा राइस आणि गुलाबजाम मात्र वाफाळत हजर! त्यांच्यावर चांदणी नाही. हॉटेल चार चांदण्यांचं, डोंगर एका चांदणीचा.

डोंगर ढगात असला की बसमधली गाइड माइक हातात घेऊन गोड आवाजात सांगते, ‘फुजीसान आज लाजताहेत.’ बस हसते. कोणीतरी टाळ्याही वाजवतं. लाजतोय कोण, तर 1707च्या डिसेंबरात फुटून दोन आठवडे राख ओकत राहिलेला ज्वालामुखी. ती राख थेट एदोवर, म्हणजे आजच्या टोकियोवर पडली होती. एवढ्या पराक्रमी गृहस्थाला नेमकी आपली बस दिसल्यावरच लाज वाटावी?

तर त्या लाजण्याचं वेळापत्रक ऐका. पहाटे फुजी बहुधा मोकळा असतो. ऊन चढलं की दमट हवा उतारावरून वर सरकते, थंड होते आणि दुपारपर्यंत ढगांचा डगला तयार. हिवाळ्यात हवा कोरडी, तेव्हा तो सगळ्यात छान दिसतो. जून-जुलैच्या पावसात सगळ्यात कमी. आपल्या सहली निघतात एप्रिल-मेमध्ये. बरं, शाळांना सुट्टी तेव्हाच आणि साकुराचा, म्हणजे चेरीचा, बहरही एप्रिलच्या आगेमागेच, हेही मान्य. पण नऊ वाजता का निघता? नऊला निघालेली बस रस्त्यातल्या स्वच्छतागृहांचा मान राखत साडेअकराला पोचते, म्हणजे बरोब्बर डगला चढवून झाल्यावर. पाचला का निघत नाही? कारण नाश्ता पॅकेजमध्ये आहे! वसूल नको करायला?

इथे माझं डोकं फिरतं. दार्जिलिंगला टायगर हिलवर कांचनजंगा बघायला हाच मराठी माणूस पहाटे साडेतीनला माकडटोपी घालून जीपमध्ये कोंबला जातो आणि वर चहाचे पैसेही देतो. जपानात गेल्यावर त्याला साडेसातच्या आधी जाग येणार नाही, हे कोणी ठरवलं? शिवाय फुजीच्या भोवती सरोवराकाठी चोवीस तास चालणारे कॅमेरे आहेत. डोंगर आत्ता दिसतोय की नाही, हे टूर मॅनेजरला टोकियोत दात घासता घासता फोनवर कळतं. तरी बस निघते, कारण बस ठरलेली, पनीर ठरलेलं, मॉल ठरलेला. चाळीस माणसं, त्यातली निम्मी निवृत्त, फंडातले पैसे काढून आलेली, बंद पडद्याचं नाटक बघायला नेली जातात आणि ‘नशिबात नव्हतं’ असं त्यांनाच ऐकवलं जातं. नशिबाचा इथे काय संबंध? गजराचा आहे!

ढग असले की मग डोंगरावरच नेतात. चढणीच्या वाटेवरचा ‘पाचवं स्टेशन’ नावाचा टप्पा, उंची सुमारे 2300 मीटर. ज्याच्या अंगावर उभे आहोत त्याचा आकार स्वच्छ हवेतही तिथून दिसत नाही, हे बसमध्ये कोणी सांगत नाही. मंडळी धुक्यात चारी दिशांना तोंडं करून ‘कुठे आहे, कुठे आहे’ विचारतात. शेवटी दुकानातल्या फुजीच्या पोस्टरसमोर फोटो काढतात आणि तोच घरच्या ग्रुपवर जातो. पुढचा थांबा ओशिनो हाक्काई. फुजीवरचं बर्फ वितळून लाव्हाच्या थरांतून गाळत आलेल्या पाण्याची आठ तळी. वीस मिनिटं. सगळे ज्या निळ्या, खोल तळ्याभोवती गर्दी करतात, ते या आठांतलं नाहीच, माणसांनी केलेलं आहे. मॉलला मात्र दीड तास. तिथे कोणी लाजत नाही.

तक्रार केलीच, तर हल्ली काही टूर मॅनेजर बाशोचा दाखला देतात. या हायकूकाराने म्हणे धुक्यात फुजी न दिसलेल्या दिवसातही गंमत आहे असं लिहिलंय. लिहिलंय खरं. पण बाशो पायी चालला होता. त्याने नाश्त्यासकट टूर हप्त्यांवर घेतलेली नव्हती. आणि दाखलेच द्यायचे तर होकुसाईचा द्या. त्याने फुजीच्या छत्तीस दृश्यांची चित्रमाला काढली, ती इतकी खपली की आणखी दहा चित्रं वाढवली. शेहेचाळीसपैकी एकाही चित्राखाली ‘अटी लागू’ नाही.

तेव्हा पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: बस किती वाजता निघणार? उत्तर ‘नाश्त्यानंतर’ असं आलं, तर त्या दिवसाचे पैसे वजा करून मागा. देणार नाहीत, पण मागा. थंडीत जाणार असाल तर टोकियोच्या सरकारी इमारतीच्या पंचेचाळिसाव्या मजल्यावर जा. हवा स्वच्छ असली तर तिथूनही फुजी दिसतो आणि तिकीट लागत नाही. आणि ओसाकाच्या बुलेट ट्रेनमध्ये अंताक्षरी थोडी उशिरा सुरू करा. टोकियो सोडल्यावर साधारण पाऊण तासाने फुजी उजव्या हाताला येतो. साध्या डब्यात ती ‘ई’ अक्षराची खिडकी.