मडगार्डच्या आतला पत्रा

जुन्या जीपचं वरचं काम करायला वर्धा जिल्ह्यात माणसांची वानवा नाही. रंग, हूड, सीटचं रेग्झिन, समोरची जाळी, सगळं मनाजोगतं होतं. पण चाकांवरच्या मडगार्डला आतून नीट कोटिंग करून द्या म्हटलं, की गॅरेजातून ठरलेलं उत्तर येतं : 'काई नाई होत भाऊ, आपल्याकडं कुठं समुद्र हाय?'

हे उत्तर मला मान्य नाही. समुद्र नसेल, काळी माती तर आहे. पावसाळ्यात जीप पांदण रस्त्यानं वावरात गेली, की ही माती चाकाबरोबर वर उडते आणि मडगार्डच्या दुमडलेल्या कडेत, जोडाच्या फटीत गच्च बसते. पाणी पिऊन फुगते आणि ते लवकर सोडत नाही. रस्ता केव्हाच सुकलेला असतो, मडगार्डमधला लगदाही वरून भेगाळलेला दिसतो. बोटानं उकरा, पत्र्याला लागलेला थर ओलाच असतो. लोखंडाला गंज चढायला पाणी आणि हवा पुरते. मिठानं तो लवकर चढतो, पण मिठावाचून अडत नाही.

त्यातून माझी जीप सुटे भाग जमवून उभी केलेली. चेसिस, इंजिन आणि कागदपत्रं जुन्या महिंद्राची, बॉडीचा पत्रा नवा. महिंद्राचीही सुरुवात अशीच झाली होती. 1940च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपचे सुटे भाग मागवून ते गाड्या जोडत. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीतल्या मूळ तपशिलांत फेरफार करू देत नाही. तो नियम मी पाळला आहे. माझी अडचण वेगळीच आहे. आजकालच्या कारखान्यात आख्खी बॉडी प्रायमरच्या हौदात बुडवून काढतात, त्यामुळे सांधीसांधीत थर पोचतो. हातानं ठोकून, वेल्डिंग करून केलेल्या बॉडीत जिथं ब्रश पोचला नाही तिथला पत्रा उघडाच राहतो. मागच्या बाकाखालची चाकांची पेटी नेमकी तशी जागा आहे.

म्हणून आधी वायर ब्रशनं गंज आणि वेल्डिंगची खपली काढा, थिनरनं पुसा, त्याच दिवशी प्रायमर मारा, तो वाळला की जोडांत सीलर भरा आणि मग रबराचं काळं कोटिंग द्या, एवढंच माझं म्हणणं असतं. प्रत्यक्षात पाण्याचा एक फवारा मारतात आणि ओल्या धुळीवरच काळं चोपडतात. संध्याकाळी गाडी सुरेख दिसते. पुढच्या वर्षी त्याच कोटिंगचा पापुद्रा नखानं उचलता येतो आणि खाली लाल पूड सापडते. कोटिंगनं ओल आत कोंडून धरलेली असते. यापेक्षा उघडा पत्रा बरा, तो निदान दिसतो तरी.

मे महिन्यात भर उन्हात हे काम करणं हीसुद्धा एक खोड आहे. पारा 45 च्या आसपास असताना कोटिंगवर वरून साय धरते, आतलं थिनर अडकतं आणि फोड येतात. सकाळी, सावलीत करा म्हणावं तर पाऊस तोंडावर आला, भाऊ, वेळ नाही म्हणतात.

आणि फवारा कुठंही मारतात! पाणी निथळायची भोकं बुजवतात, ब्रेकचा रबरी होज काळा करतात, हँडब्रेकची केबल जाम करतात. सगळ्यात वाईट म्हणजे चेसिस नंबर. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते, मग दर 5 वर्षांनी नूतनीकरण. त्या वेळी नंबर तपासतात, पेन्सिलनं त्याचा ठसा घेतात. त्यावर कोटिंगचा जाड थर बसला असेल तर घासायला आपणच बसायचं. मास्किंग टेपची एक पट्टी लावायला कितीसा वेळ लागतो?

एवढं करून कोटिंग टिकलंच, तर वॉशिंग सेंटर आहेच. तिथं गाडी धुतली की खालून डिझेल मारायची पद्धत आहे, पत्रा चमकतो म्हणून. डांबरी कोटिंग डिझेलनं मऊ पडतं आणि मग खडी लागली की सोलून निघतं. डिझेल नको म्हटलं तर पोरगं म्हणतं, 'फुकटात मारून देतो ना जी.' मला फुकटात नको आहे. मडगार्डच्या आत, कडेच्या दुमडीत पाण्याचा पाईप नीट धरून माती काढावी, भोकात तार घालून पाहावी. त्याचे जास्तीचे पैसे मी आधीच हातावर ठेवतो, तरी नळी पहिल्यांदा बॉनेटकडेच वळते.