एका दिवसात कोकण

कराड, पाटण, कुंभार्ली घाटमार्गे गुहागरला जाऊन रात्री परतणारी गाइडसह सहल ही सातारा-सांगलीकरांनी विकसित केलेली प्रगत इतिहासपद्धती होय. अंजनवेलच्या गोपाळगडाला यात वीस मिनिटे असतात. पंधरा फोटोंना जातात. उरलेल्या पाचांत गाइड आदिलशाही, शिवकाल, सिद्दी, तुळाजी आंग्रे आणि पेशवे उरकून १८१८ पर्यंत पोचतो. इंग्रजांनाही एवढा वेग साधला नव्हता. दरम्यान काहीजण तटावर स्वतःचे नाव कोरून शिलालेखांची खंडित परंपरा पुढे नेतात. सुरमई थाळीला मात्र दीड तास, कारण ती गार होते. किल्ला होत नाही. पुढील सुधारणेत गड गाडीच्या काचेतूनच दाखवावा, म्हणजे सोलकढी दुसऱ्यांदा घेता येईल. अजिंक्यतारा कोणत्याच सहलीत नसतो. तो साताऱ्यात गच्चीवरून दिसतो, त्यामुळे पाहावा लागत नाही.