उभ्या गाडीचं चारित्र्य

गेल्या महिन्यात आमच्या स्कूटरचं इंजिन खोललं. हेड पोत्यावर, पिस्टन रॉकेलच्या तसराळ्यात आणि मिस्त्री चहाला. नेमकी त्याच दिवशी पीयूसी संपली. साताऱ्यात झाडाखाली उभ्या असलेल्या एका व्हॅनपाशी चौकशीला गेलो, तर पोरगं म्हणालं, "गाडी कशाला पायजे काका? नंबरप्लेटचा फोटू टाका व्हॉट्सॲपला." टाकला. अर्धा कप संपेतो प्रमाणपत्र हातात! कार्बन मोनॉक्साइड ०.३१ टक्के, मर्यादा ३.५. आधी खूश झालो, मग विचारात पडलो. इंजिनच जागेवर नाही, तर हे ०.३१ आलं कुठून? शून्य यायला हवं होतं. मिस्त्रीच्या बिडीचं असावं.

बरं, गाडी रीतसर नेली असती तर काय झालं असतं? पेट्रोलची गाडी न्यूट्रलला उभी करून सायलेन्सरमध्ये नळी घालतात. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात. डिझेलच्या गाडीचा जागच्या जागी ॲक्सिलरेटर दाबून धूर किती काळा ते पाहतात. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची, फुप्फुसात उतरणाऱ्या बारीक कणांची साधी विचारपूसही नाही. आमच्या शाळेत तपासणीला दिपोटी यायचे, त्या दिवशी आम्हीही तेल लावून, भांग पाडून, हाताची घडी घालून बसायचो. तेवढ्यावरून शाळेला शेरा मिळायचा. पीयूसीत नळी काढली की वर्ग सुटला.

गाडीचा खरा स्वभाव खंबाटकी घाटाच्या चढाला कळतो. नाहीतर हंगामात पेठ नाक्यावरून सांगलीकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकून बघा. मागे दोन ट्रॉल्या, वर मोठ्ठा स्पीकर, मिस्त्रीकडून पंप वाढवून घेतलेला. चिमणीतून धूर असा की कारखाना पुढे आहे की आपण त्याच्याच मागे चाललोय, कळू नये. ड्रायव्हरला विचारलं तर अभिमानानं सांगतो, "ओढतोय बघा कसा!" धूर म्हणजे ताकद, हे शास्त्र आपल्याकडे पक्कं आहे.

पीयूसीच्या अशा कारभाराचा दाखला दिल्लीचाच द्यावा लागतो, कारण तिथं 'कॅग'नं वह्या उघडल्या. २०१५ ते २०२० मधल्या नोंदी तपासल्या, तेव्हा मर्यादेपेक्षा जास्त धूर सोडणाऱ्या १.०८ लाख गाड्या उत्तीर्ण झालेल्या निघाल्या. म्हणजे यंत्रानं नापास केलं आणि छापखान्यानं पास! ७६,८६५ वेळा तर तपासणी आणि प्रमाणपत्र दोन्ही एका मिनिटात उरकलं. आमच्या व्हॅनवाल्या पोरानं निदान अर्धा कप चहाइतका वेळ घेतला, हे साताऱ्याच्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत, म्हणजे हवा बिघडलेल्या शहरांत, सांगली आहे, सातारा नाही. सातारकरांना त्याचाही अभिमान. सांगलीकर म्हणतात, यादीत असलं की निधी तरी येतो.

पण पीयूसीच्या तपासणीनं धूर कमी झाला का, हे कुणी विचारायचं? विचारलंच तर किती प्रमाणपत्रं दिली आणि किती दंड वसूल केला, हे आकडे पुढे येतात. कायद्यात पीयूसी नसल्याबद्दल १० हजारांपर्यंत दंड आहे, धाक कमी नाही. पण लोक धुराला नाही, कागद नसण्याला भितात. औषध किती खपलं यावरून रोगी किती बरे झाले ते ठरवण्यातलाच हा प्रकार.

खरं जोखायचं तर दोनच गोष्टी पाहा. शंभरात किती गाड्या नापास होतात? एकही होत नसेल तर ती परीक्षा नव्हे, हजेरी. आणि पास झालेल्या गाड्या पंधरा दिवसांनी चालत्या रस्त्यावर गाठा. रस्त्यावर आडवा प्रकाशझोत टाकून जाणाऱ्या गाडीचा धूर मोजणारी यंत्रं आहेत. कोलकात्यात ती वापरलीही गेली. एक खंबाटकीच्या चढाला लावा, एक पेठ–सांगली रस्त्याला. फोटो पाठवून चुकवता येणार नाही अशी ती तपासणी होईल. म्हणूनच ती लवकर होईल असं मला वाटत नाही.

स्कूटर परवा जोडून मिळाली. किक मारली की शेजारच्या काकूंची वाळत घातलेली चादर दिसेनाशी होते. प्रमाणपत्र अजून पाच महिने चालेल.