चोवीस शब्दांची इस्टेट

वसईतल्या सांडोरच्या नातवंडांना हल्ली बँकेचं नाव काढलं की जांभई येते. जवळच पापडीला बसीन कॅथॉलिक बँकेचं मुख्यालय आहे, बँक १९१८ची. आजोबांची पासबुकं तिथली, आजीचा लॉकर तिथला. नातवाला मात्र बिटकॉइन हवा.

आणि त्याला वेड्यात काढायचीही सोय नाही. सप्टेंबर २०१९मध्ये पीएमसी बँकेच्या खातेदारांना रिझर्व्ह बँकेने कळवलं होतं: सहा महिन्यांत एक हजार रुपये काढता येतील. कर्ज नव्हे, स्वतःचेच.

मग हुशार मंडळी ॲपवर गेली. १८ जुलै २०२४ला वझीरएक्स या क्रिप्टो बाजाराच्या तिजोरीतून २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळजवळ दोन हजार कोटी रुपये, उडाले. अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने बोट दाखवलं उत्तर कोरियाकडे. पैसे काढणं बंद झालं, आणि प्रकरण गेलं सिंगापूरच्या हायकोर्टात. वसईकराला कामासाठी पालघर लांब पडतं, इथे सिंगापूर!

म्हणून आता नवा मंत्र: हार्डवेअर वॉलेट घे, चावी स्वतःकडे ठेव.

मंत्र बरोबर आहे. पण म्हणणारा कोण?

आधी एक गैरसमज काढून टाकू. पेन ड्राइव्हएवढ्या त्या डबीत बिटकॉइन नसतात. ते जगभर पसरलेल्या खातेवहीतल्या नोंदीत असतात. डबीत असते ती सही करायची गुप्त चावी. डबी हरवली तरी पैसे जात नाहीत. पैसे जातात ते तिच्यासोबतचा कागदही हरवला तर. पण लोक डबीला मखमली पाऊच घेतात आणि कागद वीजबिलांत ठेवतात.

कागदावर काय? डबी पहिल्यांदा सुरू केली की ती एकेक करून बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द दाखवते, २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून. क्रमाने उतरवून घ्यायचे. हे शब्द ज्याच्या हाती, पैसा त्याचा. पिन नको, ओटीपी नको, आधार नको. स्पेलिंगची धास्ती असलेल्यांसाठी खुशखबर: यादीतला प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरूनच ओळखता येतो. दहावीच्या बोर्डानेही कधी एवढी सवलत दिली नाही.

आता मुख्य प्रश्न. शब्द उतरवायचे कुठे? कागदावर, पेनाने. आपण काय करतो? फोटो काढतो. फोटो गुगलवर आपोआप चढतो. मग ‘सेफ्टीसाठी’ स्वतःलाच व्हॉट्सॲप करतो, आणि बायकोलाही. ज्या गुपितासाठी इंटरनेटपासून तोडलेलं यंत्र विकत घेतलं, ते पाचव्या मिनिटाला इंटरनेटवर.

यंत्र बिचारं ऑफलाइनच असतं. मालक नसतो.

खरेदीचीही एक गंमत. थेट कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या, असं सगळे सांगतात. पण ओळखीतला कुणीतरी ‘सीलबंद आहे, चार हजारांनी स्वस्त’ म्हणतो आणि आपण विरघळतो. लाखोंच्या तिजोरीचं कुलूप सेकंडहँड! आणि खोक्यात चोवीस शब्द आधीच छापलेलं कार्ड निघालं तर? ती भेट नव्हे. ते शब्द लिहिणाऱ्याकडे दुसरी प्रत आहे. तुम्ही पैसे भरायची तो वाट बघतोय. शब्द नेहमी यंत्राने तुमच्यासमोर तयार करायचे, नाहीतर खोकं परत.

सील पाहून निर्धास्त होणाऱ्यांनी फ्रान्सच्या लेजर कंपनीची गोष्ट ऐकावी. २०२०मध्ये तिच्या अडीच लाखांहून जास्त गिऱ्हाइकांची नावं, पत्ते आणि फोन नंबर फुटले. पुढच्याच वर्षी त्यातल्या काहींच्या घरी नवं कोरं यंत्र टपालाने आलं, प्लॅस्टिकच्या आवरणात, कंपनीच्या पत्रासकट. जुनं धोक्यात आहे, हे वापरा. फुकट! यंत्र नकली, पत्र नकली. खरे होते फक्त पत्ते.

पुढची पायरी कुणीच करत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. पैसे भरण्याआधी यंत्र मुद्दाम कोरं करायचं आणि कागदावरचे शब्द घालून पुन्हा उभं करायचं. उभं राहिलं तर कागद खरा. नाहीतर सतरावा शब्द आपण अर्धवट झोपेत लिहिला होता हे कळायला तीन वर्षं लागतात, आणि तोवर भाव दुप्पट झालेला असतो. लेजरवर पिन तीनदा चुकला की यंत्र स्वतःच कोरं होतं. घरातल्या लहानग्याने खेळता खेळता एवढं तर सहज करावं. शब्द असतील तर हसायचं. नसतील तर?

पहिली रक्कमही आधी चिमूटभर पाठवायची. ती पोचली की मोठी. पण चहाच्या टपरीवर दहा रुपयांचं यूपीआय करताना ‘आलं का? आलं का?’ विचारणारा माणूस इथे सगळी जमापुंजी एका बोटाने ढकलतो. नंतर विचारायचं कुणाला? कस्टमर केअर नाही. आणि गुगलवर शोधून सापडलीच, तर ती हमखास तुमचे चोवीस शब्द विचारते.

खरी कंपनी ते कधीच विचारत नाही. लिहून ठेवा. पण त्या चोवीस शब्दांच्या कागदावर नको.

मग पडदा. यंत्रावर बोटभर पडदा असतो, त्यावर पैसे जिथे पाठवायचे तो पत्ता उमटतो. इथेरियम या दुसऱ्या चलनाचा पत्ता बेचाळीस अक्षरांचा. लोक पहिली चार, शेवटची चार बघतात आणि बटण दाबतात. चोरांनाही हे ठाऊक आहे. ते पहिली चार आणि शेवटची चार तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखीच असलेला पत्ता तयार करतात, त्यावरून किरकोळ रक्कम पाठवून तो तुमच्या यादीत घुसवतात आणि तुम्ही तिथून कॉपी करायची वाट बघतात. मधली चौतीस अक्षरं कोण वाचणार?

‘आम्ही नवखे, चुकणारच.’ बरं, मग जाणकारांचं बघा. वझीरएक्सच्या त्या तिजोरीला सह्या करणारे कंपनीचे लोक हार्डवेअर वॉलेटच वापरत होते. एक नव्हे, तिघांच्या सह्या लागायच्या, वर तिजोरी सांभाळणाऱ्या कंपनीची चौथी. वझीरएक्सचं म्हणणं असं की संगणकावर एक व्यवहार दिसत होता आणि सही झाली भलत्याच व्यवहारावर. चूक कुणाच्या बाजूची, यावर दोन्ही कंपन्या भांडत राहिल्या. कुलूप शाबूत, चाव्या शाबूत, मालकाच्या सहीने घर रिकामं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये न वाचता रजिस्टरवर सही करणाऱ्या आपल्याला हे अगदीच अनोळखी वाटू नये.

आणि पुण्यात गाजलेली गेनबिटकॉइन योजना? महिन्याला दहा टक्के, अठरा महिने, असं आमिष. २०१८मध्ये सूत्रधाराला अटक झाली. वॉलेटं उघडायला पोलिसांना तज्ज्ञ लागले, तेही मिळाले. मार्च २०२२मध्ये पुणे पोलिसांनी त्याच तज्ज्ञांना पकडलं: एक माजी आयपीएस अधिकारी, एक सायबर जाणकार. आरोप असा की तपासाच्या नावाखाली वॉलेटांतले बिटकॉइन स्वतःकडे वळवले. सूत्रधार त्याआधीच, जानेवारीत, वारला. मग सुप्रीम कोर्टाने त्याच्या भावाला सांगितलं, वॉलेटचं युजरनेम आणि पासवर्ड ईडीला द्या.

देशाच्या सर्वोच्च न्यायालयालाही पासवर्ड मागावाच लागतो.

म्हणून घरच्यांचा विचार. बँकेत आता चार नॉमिनी लावता येतात. इथे नॉमिनीचा रकाना नाही. कागद कुठे आहे हे कुणालाच सांगितलं नाही तर इस्टेट तुमच्याबरोबर जाते; सगळ्यांना सांगितलं तर तुमच्या आधी. दोन प्रती, दोन वेगळ्या जागी, आणि एकच विश्वासू माणूस. लॉकरमध्ये एक प्रत ठेवायला हरकत नाही. हो, त्याच पापडीच्या बँकेत.

आणि लग्नाच्या मांडवात किती कॉइन आहेत ते सांगायचं नाही. जानेवारी २०२५मध्ये लेजरच्याच एका सहसंस्थापकाला फ्रान्समधल्या घरातून पळवून नेलं, खंडणीसाठी त्याचं बोट कापलं. पिन सहा आकडी असो की आठ, बोटं दहाच.

एवढं सगळं जमवलं की नातू विजयी मुद्रेने म्हणतो, ‘आंकल, आता सरकारला पण पत्ता नाही.’ अरे बाबा, विकत घेताना पॅन कुठे दिला होतास? एप्रिल २०२२पासून नफ्यावर तीस टक्के कर आहे, डबी खिशात असो वा कपाटात. विवरणपत्रात त्यासाठी वेगळं पानच आहे. जुलै २०२२पासून विकताना एक टक्का टीडीएस कापतात तो वेगळा.

आणि तोटा झाला तर? तो दुसऱ्या कुठल्याही नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. तो सगळा तुझा.